पंच नसलेली शर्यत: डिंगी रेगाटाचे नियम कसे चालतात

शिडाच्या होड्यांची शर्यत काठावरून पाहणाऱ्याला पहिली शंका येते ती हीच, की यात पंच कुठे आहे? तीस-चाळीस होड्या एकाच रेषेकडे धावतात, एकमेकींच्या नाकासमोरून निघतात, ओरडाआरड होते, पण शिट्टी फुंकणारं कोणी दिसत नाही. मग एखादी होडी मधूनच बाजूला जाते, जागच्या जागी दोन गिरक्या घेते आणि पुन्हा शर्यतीला लागते. तिला गिरक्या घ्यायला कोणी सांगितलं? कोणीच नाही. आपली चूक झाली हे तिच्यातल्या मुलीने स्वतःच ठरवलं आणि शिक्षाही स्वतःच घेतली.

शिडाच्या शर्यतींच्या नियमपुस्तकात अगदी सुरुवातीला हे तत्त्व लिहिलेलं आहे. नियम पाळायचे स्पर्धकांनी आणि त्यांची अंमलबजावणीही करायची स्पर्धकांनीच. नियम मोडला तर लगेच शिक्षा घ्यायची, प्रसंगी शर्यत सोडायची. काही मोठ्या स्पर्धांमध्ये पाण्यावर परीक्षक असतात, पण शनिवार-रविवारच्या साध्या रेगाटात बहुतेक वेळा नसतात. म्हणूनच या खेळात सगळं आधी लिहून ठेवावं लागतं. झेंडे, भोंगे, सूचनापत्रं, गुणांचा हिशेब हा पसारा नवख्याला नुसता किचकट वाटतो. पंच नसताना खेळ प्रामाणिकपणे चालावा म्हणून तो उभा केला आहे, हे एकदा लक्षात आलं की एकेक नियम आपोआप उलगडत जातो.

डिंगी म्हणजे छोटी, उघडी शिडाची होडी. तिच्या तळाला जड कील, म्हणजे तोल धरणारा वजनदार भाग, नसते. वाऱ्याने ती कलते आणि आतल्या माणसाने बाहेर झुकून तिचा तोल सावरायचा असतो. ती उलटते, आणि उलटली तरी सरळ करता येते. ऑप्टिमिस्ट ही जेमतेम 2.3 मीटरची होडी 15 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर, 4.2 मीटरची आणि एकट्याने चालवायची. 420 आणि 470 या दोघांनी चालवायच्या होड्या, त्यांची नावं म्हणजे त्यांची सेंटिमीटरमधली लांबी. रेगाटा म्हणजे यांच्या छोट्या छोट्या शर्यतींची मालिका. एक शर्यत साधारण पाऊण ते एक तासाची, आणि वाऱ्याने साथ दिली तर दोन दिवसांत पाच-सहा शर्यती होतात.

आधी कागद, मग पाणी

मूळ नियमपुस्तक वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी सुधारून काढते. सध्या 2025 ते 2028 ची आवृत्ती लागू आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक प्रकारच्या होडीचे स्वतःचे नियम असतात: शीड केवढं, वजन किती, काय बदललेलं चालेल आणि काय नाही. याशिवाय आयोजकांची दोन कागदपत्रं असतात.

पहिलं नोटिस ऑफ रेस. हे नावनोंदणीच्या आधी निघतं. कोण भाग घेऊ शकतं, शुल्क किती, कोणत्या दिवशी किती शर्यती, गुण कसे मोजणार, हे त्यात असतं. दुसरं सेलिंग इन्स्ट्रक्शन्स. शर्यतीचा मार्ग, मार्क (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) कोणत्या रंगाचे, कोणत्या गटाचा झेंडा कोणता, वेळेच्या मर्यादा अशी पाण्यावरची सगळी व्यवस्था त्यात असते. मूळ पुस्तकातले काही नियम आयोजक या कागदांतून बदलू शकतात. मात्र होड्या समोरासमोर आल्यावर वाट कोणाची, हे ठरवणारे नियम स्थानिक आयोजकाच्या हातात नसतात. जगात कुठेही गेलात तरी ते तेच.

सेलिंग इन्स्ट्रक्शन्स बरेच जण वरवर चाळतात. माझ्या मते हे अर्ध्या तासाचं वाचन कितीतरी तासांच्या सरावाच्या तोडीचं आहे. निदान चार गोष्टी पेन्सिलने खुणा करून घ्याव्यात आणि होडीत न भिजेल अशा पट्टीवर लिहून चिकटवाव्यात. मार्गाची आकृती आणि मार्क कोणत्या हाताला ठेवायचे ते. पहिली होडी पोचल्यावर बाकीच्यांना किती मिनिटं मिळतात ते. तक्रार नोंदवायची मुदत. आणि रविवारी अमुक वाजल्यानंतर नवी शर्यत सुरू होणार नाही, ती वेळ. ही शेवटची ओळ डावपेच बदलते. आणखी एक शर्यत होईल या भरवशावर खेळणाऱ्याला तिची किंमत रविवारी दुपारी कळते.

सकाळच्या बैठकीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मुख्य रेस ऑफिसर तिथे वारा, भरती-ओहोटी, धोक्याच्या जागा समजावून सांगतात, आणि ते ऐकावंच. पण तिथे तोंडी बोललेल्या शब्दाने लेखी सूचना बदलत नाही. बदल करायचा तर तो सूचना फलकावर ठरलेल्या वेळेआधी लागतो आणि काठावर पिवळ्या-काळ्या चौकटींचा ‘एल’ झेंडा चढतो, म्हणजे फलकावर नवं काहीतरी लागलं आहे. पाण्यावर तोंडी बदल करायचे असतील तर त्याची रीतसुद्धा आधी लेखी दिलेली असावी लागते. फलकावरचं सगळ्यांना सारखंच दिसतं. तोंडी शब्द मात्र प्रत्येकाला वेगळा आठवतो.

पाच मिनिटं

मार्ग वाऱ्यावर ठरतो. पहिला मार्क, म्हणजे हवा भरलेला मोठा बॉय, वारा जिथून येतो त्या दिशेला टाकतात. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने असं नागमोडी चढावं लागतं. अशा प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात. वर पोचल्यावर मार्काला वळसा घालून वाऱ्याबरोबर खाली यायचं. खाली येताना वाऱ्याकडे पाठ करून घेतलेलं वळण म्हणजे जाइब. दोन-तीन फेऱ्या झाल्या की शेवटच्या रेषेवर.

सुरुवातीची रेषा डोळ्यांना दिसत नाही. तिच्या एका टोकाला नारिंगी झेंडा लावलेली, शर्यत चालवणाऱ्या समितीची बोट, दुसऱ्या टोकाला बॉय किंवा दुसरी बोट. मधली रेषा वाऱ्याला काटकोनात असावी, आणि सगळ्या होड्या मावतील पण उगाच पसरणार नाहीत एवढी लांब. डिंगींसाठी सगळ्या होड्यांच्या लांबीच्या बेरजेच्या सव्वा ते दीडपट हा सर्वसाधारण अंदाज. म्हणजे 4.2 मीटरच्या तीस होड्या असतील तर रेषा सुमारे 160 ते 190 मीटर. आता 160 मीटरची रेषा काटकोनातून फक्त 5 अंशांनी तिरपी झाली असं समजा. एका टोकावरच्या होडीला दुसऱ्या टोकावरच्या होडीपेक्षा सुमारे 14 मीटरची, म्हणजे तीन होड्यांहून जास्त लांबीची आघाडी फुकट मिळते. मग सगळे त्याच टोकाला गर्दी करतात. वारा किंचित फिरला म्हणून रेस ऑफिसर सुरुवात पुढे ढकलतात तेव्हा पाण्यावर कुरकुर होते, पण त्या 14 मीटरांचा हिशेब करून पाहिला की त्यांचं बरोबर वाटतं.

पुढे ढकलण्याचा झेंडा लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा, त्याला ‘एपी’ म्हणतात. दोन भोंगे आणि हा झेंडा वर. तो उतरला की एका मिनिटाने पुन्हा मोजणी सुरू.

मोजणी पाच मिनिटांची. गटाचा झेंडा चढला की पाच मिनिटं उरली. चार मिनिटं उरताना तयारीचा झेंडा चढतो, साधारणपणे निळ्यात पांढरा चौकोन असलेला ‘पी’. एक मिनिट उरताना तो उतरतो आणि लांब भोंगा वाजतो. शून्यावर गटाचा झेंडा उतरतो, शर्यत सुरू. प्रत्येक वेळी भोंगा वाजतो खरा, पण वेळ झेंड्यावरून धरायची. भोंगा बिघडला, वाजलाच नाही, तरी झेंडा हलला तो क्षण खरा. जोराच्या वाऱ्यात आवाज रेषेच्या पलीकडच्या टोकापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे हा नियम फार शहाणपणाचा आहे.

शेवटचं मिनिट जवळून पाहण्यासारखं असतं. होड्या रेषेच्या थोड्या खाली, शीड सैल सोडून, फडफडत, जवळजवळ जागच्या जागी तरंगत असतात. डिंगीला ब्रेक नाही, त्यामुळे थांबून राहणं हेच मोठं कसब. प्रत्येकीला आपल्या आडोशाच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट बाजूला, थोडी मोकळी जागा हवी असते, कारण शेवटच्या क्षणी नाक किंचित खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, टाकून वेग घ्यायला तेवढी जागा लागते. ती जागा दिसली की शेजारची होडी तिथे घुसायला बघते. वीस सेकंद. सुकाणू हलकेच धरलेलं, नजर एकदा घड्याळावर, एकदा दोन्ही टोकांवर. दहा सेकंद. शीड ओढलं, शरीर बाहेर, होडी उठली. झेंडा उतरतो तेव्हा होडी पूर्ण वेगात आणि नाक रेषेला लागलेलं, असं ज्याला जमतं त्याच्या शिडात स्वच्छ वारा भरतो. जो दोन लांब्या मागे राहतो त्याला पुढच्यांनी वापरून सोडलेला, गढूळ झालेला वारा मिळतो आणि तो आणखी मागे पडत जातो.

त्यामुळे लोक घाई करतात. झेंडा उतरताना होडीचा कोणताही भाग रेषेपुढे असेल तर ती आगाऊ. अशा एक-दोन होड्या असतील तर पांढऱ्यावर निळी फुली असलेला ‘एक्स’ झेंडा आणि एक भोंगा. आगाऊ निघालेल्यांनी मागे फिरायचं, पूर्ण होडी रेषेमागे आणायची आणि पुन्हा निघायचं. परत येताना बाकी सगळ्यांना वाट द्यायची. तुमचं नाव कोणी पुकारेलच असं नाही. पुढे असल्याची शंका आली तर परत फिरलेलं बरं, कारण न फिरता पूर्ण शर्यत मारली तरी निकालात तुमच्या नावापुढे ‘ओसीएस’ (ऑन कोर्स साइड, म्हणजे आगाऊ निघाल्याची खूण) लागतं आणि गुण शेवटच्यापेक्षाही वाईट.

पुढे गेलेल्या होड्या ओळखू येत नाहीत इतक्या असतील तर सगळ्यांनाच परत बोलावतात: निळ्या काठाचा पिवळा त्रिकोण आणि दोन भोंगे. असं दोनदा-तीनदा झालं की समिती तयारीचा झेंडा बदलते. ‘आय’ असेल तर शेवटच्या मिनिटात रेषेपुढे गेलेल्याने रेषेच्या टोकाला वळसा घालूनच मागे यायचं. ‘झेड’ असेल तर शेवटच्या मिनिटात पुढे गेल्याबद्दल गुणांत 20 टक्क्यांचा दंड. ‘यू’ असेल तर शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्यामधल्या त्रिकोणात सापडलेली होडी थेट बाद, पण ती सुरुवात रद्द होऊन पुन्हा झाली तर माफ. काळा झेंडा असेल तर सगळ्यांना परत बोलावलं तरी माफी नाही, पुन्हा होणाऱ्या त्या शर्यतीतही उतरता येत नाही. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत काळा झेंडा शक्यतो दिसूच नये असं मला वाटतं. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला एक संपूर्ण शर्यत काठावरून बघायला लावण्यापेक्षा ‘यू’ पुरेसा धाक घालतो.

वाट कोणाची

होड्या भेटल्यावर काय करायचं याचे तीन मूळ नियम आहेत, आणि ते ज्याला झोपेतही आठवतात त्याला बाकीचं पुस्तक सोपं जातं.

पहिला नियम होड्या वेगवेगळ्या टॅकवर असतानाचा. वारा उजव्या अंगाने येत असेल तर होडी स्टारबोर्ड टॅकवर, डाव्या अंगाने येत असेल तर पोर्ट टॅकवर. गोंधळ झाला तर शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, बघायची. ती डावीकडे असेल तर तुम्ही स्टारबोर्डवर. पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. दुसरा नियम: दोघी एकाच टॅकवर आणि एकमेकींच्या शेजारी असतील तर वाऱ्याच्या बाजूच्या होडीने आडोशाच्या बाजूच्या होडीला वाट द्यायची. तिसरा: एकाच टॅकवर, पण एक पूर्ण मागे असेल तर मागचीने पुढचीला. याला जोडून, टॅक घेताना नाक वाऱ्यापलीकडे गेलं की नव्या दिशेला होडी नीट बसेपर्यंत इतरांना वाट द्यावी लागते.

समजा तुम्ही पोर्टवर वाऱ्याकडे चढताय आणि समोरून स्टारबोर्डवर एक होडी येतेय. अंतर साठ मीटर. ती “स्टारबोर्ड!” असं ओरडते. असं ओरडायचा नियम नाही, रिवाज आहे, पण चांगला रिवाज आहे. तुमच्याकडे तीन वाटा आहेत. पुढून निघता येईल का? तिच्या मागचा काठ बघा. काठावरचं एखादं झाड तिच्या नाकापाशी जागचं हलत नसेल तर टक्कर ठरलेली. दुसरी वाट म्हणजे तिच्या अलीकडेच टॅक घेणं. पण अगदी तिच्या नाकाखाली टॅक घेऊन हक्क मिळवलात तर तिला बाजूला व्हायला सुरुवातीला जागा द्यावी लागते. तिसरी वाट बहुतेक वेळा उत्तम: शीड थोडं सैल करा, नाक खाली टाका, वेग वाढवा आणि तिच्या सुकाणूमागून हातभर अंतरावरून निघून जा. याने जेमतेम एखादी लांबी जाते, पण आपल्याला हव्या त्या बाजूला जाणं चालू राहतं. नवखे लोक घाबरून टॅक घेतात आणि नको असलेल्या बाजूला ओढले जातात.

हक्काच्या होडीलाही मनमानी करता येत नाही. दिशा बदलली तर समोरच्याला बाजूला व्हायला जागा द्यायची. आणि सगळ्यांवर एक नियम बांधलेला आहे: शक्य असेल तोवर टक्कर टाळायची. समोरचा वाट देत नाही हे स्पष्ट होईपर्यंत हक्काच्या होडीने काही केलं नाही तरी चालतं, पण स्पष्ट झाल्यावरही ती तशीच आदळली आणि नुकसान किंवा दुखापत झाली तर तिलाही शिक्षा होऊ शकते. “हक्क माझा होता” एवढं सांगून सुटका होत नाही.

मार्कापाशी मात्र गणित बदलतं, आणि भांडणं सगळ्यात जास्त तिथेच होतात. मार्काभोवती होडीच्या तीन लांब्यांचं वर्तुळ मनात काढा. दोन होड्यांपैकी पहिली त्या वर्तुळात शिरली त्या क्षणी त्या शेजारी-शेजारी असतील तर बाहेरचीने आतलीला मार्क वळायला जागा द्यायची. त्या क्षणी एक पूर्ण पुढे असेल तर मागचीने तिला जागा द्यायची, मग नंतर मागची आत घुसली तरी तिला हक्क मिळत नाही. फोटो एकदाच काढला जातो, वर्तुळाच्या कडेवर. शेजारी होतो की नव्हतो अशी रास्त शंका असेल तर नवी परिस्थिती तयार झालीच नव्हती असं धरतात. म्हणून जवळ येताना अंतर मोजत मोठ्याने बोलावं: “आत मी आहे”, “जागा नाही”. पुढे सुनावणी झालीच तर हेच बोलणं साक्षीदारांच्या लक्षात राहतं.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. सुरुवातीच्या रेषेच्या टोकांना हा नियम नाही. “जागा द्या” म्हणत समितीच्या बोटीजवळून घुसणाऱ्याला तिथे काही हक्क नसतो. आणि वरच्या मार्काकडे चढताना उलटसुलट टॅकवर असलेल्या होड्यांमध्येही तो लागू नाही, तिथे साधा पोर्ट-स्टारबोर्डच. मार्क डाव्या हाताला ठेवायचा असेल तर पोर्टवरून येऊन तीन लांब्यांच्या आत टॅक घेणं जोखमीचं. स्टारबोर्डवरूनच येणाऱ्या होडीला तुमच्यामुळे टक्कर टाळायला नेहमीपेक्षा जास्त वाऱ्याकडे वळावं लागलं तर चूक तुमची.

गिरक्या

चूक झाली हे कळलं की लगेच गर्दीतून बाहेर पडायचं आणि एकाच दिशेने दोन गिरक्या घ्यायच्या. प्रत्येक गिरकीत एक टॅक आणि एक जाइब हवा. मार्काला नुसता स्पर्श झाला असेल तर एकच गिरकी. गिरक्या घेताना इतरांना वाट द्यायची. मोठं नुकसान किंवा दुखापत झाली असेल, किंवा चुकीतून मोठा फायदा मिळाला असेल, तर गिरक्यांनी भागत नाही, शर्यत सोडावी लागते.

मधल्या वाऱ्यात सराव असलेल्याला या गिरक्यांना फार वेळ लागत नाही. त्यासाठी मुद्दाम सराव करावा असं मी प्रत्येकाला सांगतो. गिरकी ज्याला जड जाते तो चूक कबूल करायला कचरतो, आणि मग वाद काठावर येतात.

अंग हलवून होडी पुढे ढकलणं, शीड सारखं ओढून-सोडून पंख्यासारखं चालवणं, सुकाणू वल्ह्यासारखं मारणं, हेही मना आहे. होडीने फक्त वारा आणि पाण्याच्या जोरावर चालायचं. लाटेवरून घसरायला सुरुवात करण्यापुरता प्रत्येक लाटेला शिडाला एक झटका चालतो. परीक्षक असतील तर ते पिवळा झेंडा दाखवून जागेवरच शिक्षा सांगतात.

जीव आधी

पिवळ्या-लाल तिरप्या पट्ट्यांचा ‘वाय’ झेंडा चढला की लाइफ जॅकेट सक्तीचं. अनेक आयोजक ते पूर्ण वेळ सक्तीचं करतात, आणि तसंच करावं. वेटसूट किंवा ड्रायसूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, हे नियमातच स्पष्ट केलेलं आहे. वारा वाढत असताना उतरायचं की नाही हा निर्णय प्रत्येक होडीचा स्वतःचा. समितीने शर्यत रद्द केली नाही याचा अर्थ तुमच्यासाठी पाणी सुरक्षित आहे असा होत नाही.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात महत्त्वाची व्यवस्था म्हणजे हजेरी. पाण्यात उतरताना फळ्यावरचा आपल्या क्रमांकाचा बिल्ला घ्यायचा किंवा सही करायची, परतल्यावर बिल्ला परत लावायचा. संध्याकाळी एक बिल्ला कमी असेल तर बचाव बोटी पुन्हा पाण्यात जातात. शर्यत अर्धवट सोडून न सांगता घरी गेलेला माणूस त्या सगळ्यांना अंधारात शोधत फिरायला लावतो. सोडताय ना, मग जवळच्या बोटीला सांगा आणि काठावर सही करा.

बचाव बोट आधी माणसं मोजते, मग होडी बघते. माणूस पाण्यात जवळ असताना इंजिन बंद. उलटलेल्या डिंगीपासून पोहत दूर जायचं नाही, होडीला धरून राहायचं. डोक्यापेक्षा होडी लांबून दिसते. जीवाला धोका असताना बाहेरची मदत घेणं हा नियमभंग नाही.

आणि पहिलाच मूलभूत नियम सांगतो की धोक्यात असलेल्याला शक्य ती सगळी मदत करायची. त्यासाठी शर्यत गेली तर भरपाई मागता येते. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू फिन या एकट्याने चालवायच्या डिंगीच्या शर्यतीत दुसऱ्या स्थानावर होते. जोराच्या वाऱ्यात सिंगापूरचे दोन खलाशी पाण्यात पडलेले त्यांना दिसले. लेम्यू मार्ग सोडून त्यांच्याकडे गेले आणि दोघांना वाचवलं. परीक्षकांनी त्या शर्यतीत त्यांना दुसऱ्या स्थानाचेच गुण दिले. तुमच्या रविवारच्या रेगाटातही हीच तरतूद तशीच्या तशी लागू असते.

गुणांचा हिशेब

इथे जितके कमी गुण तितकं चांगलं. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, असं पुढे. शर्यत पूर्ण न करणाऱ्याला, आगाऊ निघालेल्याला, बाद झालेल्याला मालिकेत नोंदवलेल्या होड्यांपेक्षा एक जास्त. 30 होड्या असतील तर 31. शेवटी प्रत्येकाचा एक सर्वात वाईट निकाल वगळतात, मात्र त्यासाठी किमान किती शर्यती व्हायला हव्यात ते सूचनापत्र सांगतं.

समजा सहा शर्यती झाल्या. एकीचे गुण 2, 1, 4, 31, 3, 2. ती चौथ्या शर्यतीत आगाऊ निघाली होती. बेरीज 43, त्यातून 31 वगळले, उरले 12. दुसऱ्याचे 3, 2, 2, 3, 2, 3. बेरीज 15, एक 3 वगळला, उरले 12. बरोबरी. आता वगळलेला निकाल सोडून बाकीचे चांगल्याकडून वाईटाकडे मांडायचे: तिचे 1, 2, 2, 3, 4 आणि त्याचे 2, 2, 2, 3, 3. पहिला फरक पहिल्याच आकड्यात, म्हणून ती जिंकली. पण तिच्या हातातली वगळण्याची सवलत संपली होती, आणखी एक वाईट शर्यत झाली असती तर सगळं गेलं असतं. मालिकेत सातत्याला मोल आहे ते यामुळे.

वेगवेगळ्या प्रकारच्या होड्या एकत्र धावल्या तर वेळ दुरुस्त करावी लागते. पोर्ट्समथ पद्धतीत प्रत्येक प्रकाराला एक आकडा असतो, संथ होडीचा आकडा मोठा. लागलेली वेळ गुणिले 1000, भागिले तो आकडा. 1000 आकड्याच्या होडीला 50 मिनिटं, म्हणजे 3000 सेकंद लागले, तर दुरुस्त वेळ 3000. 1200 आकड्याच्या होडीला 58 मिनिटं, म्हणजे 3480 सेकंद लागले, तर दुरुस्त वेळ 2900. आठ मिनिटं उशिरा आलेली होडी 100 सेकंदांनी जिंकली. काठावर टाळ्या वाजतात त्या भलत्याच होडीला, आणि खरा निकाल कागदावर लागतो.

तक्रार

समोरच्याने चूक केली आणि गिरक्या घेतल्या नाहीत, तर लगेच “प्रोटेस्ट!” असं ओरडायचं. शब्द हाच हवा. “अरे, काय करतोयस” याने तक्रार ग्राह्य धरली जात नाही. 6 मीटर किंवा त्याहून लांब होड्यांना लाल झेंडाही दाखवावा लागतो, डिंगींना त्याची गरज नाही. ओरडल्याबरोबर समोरच्याला गिरक्या घ्यायची संधी मिळते, आणि बरेचदा प्रकरण तिथेच मिटतं. तक्रार करणं म्हणजे खुनशीपणा असं समजून गप्प बसणारे पुष्कळ असतात. मला ते पटत नाही. पंच नसलेल्या खेळात गप्प बसलात तर ज्याने मागून जाऊन नियम पाळला त्या तिसऱ्याचं नुकसान होतं.

काठावर आल्यावर मुदतीत लेखी अर्ज द्यायचा. घटना कुठे, कोणत्या शर्यतीत, वारा कोणत्या दिशेचा, आणि होड्यांची आकृती. आकृतीत आधी वाऱ्याचा बाण काढावा, मग प्रत्येक होडीच्या जागा 1, 2, 3 अशा क्रमाने. साक्षीदार शोधायचा तर तो घरी जायच्या आत.

सुनावणीत टेबलावर छोट्या होड्या आणि मार्क मांडलेले असतात. दोन्ही बाजू हजर राहतात, आपापली हकीकत सांगतात, एकमेकांना आणि साक्षीदारांना प्रश्न विचारतात. सुनावणी घेणारी समिती आधी काय घडलं ते ठरवते, मग कोणता नियम मोडला, मग निर्णय. घडलं काय हे एकदा ठरलं की त्यावर अपील नाही. नियमाचा अर्थ चुकला असं वाटलं तर त्यावर करता येतं. काही स्पर्धांमध्ये त्याआधी एक छोटी पायरी ठेवतात: एक अनुभवी परीक्षक दोघांना समोर बसवून आपलं मत सांगतो, आणि चूक करणारा ती मान्य करून बाद होण्याऐवजी सहसा 30 टक्क्यांचा गुणदंड घेऊ शकतो. दहा मिनिटांत काम होतं आणि लोक वेळेत होड्या ट्रेलरवर बांधायला मोकळे होतात. सगळ्या सुनावण्या संपेपर्यंत फलकावरचा निकाल तात्पुरता असतो, म्हणून बक्षिसांची वेळ शेवटच्या शर्यतीनंतर दीड-दोन तासांनीच ठेवावी.